ऐंशी अंशांवरची पकड

जैवरसायनशास्त्रातला कुठलाही शोधनिबंध उघडा, पद्धतींच्या भागात एक वाक्य बहुतेक वेळा सापडतं: मोजमापं २५ अंश सेल्सिअसला घेतली. हे २५ अंश म्हणजे कुठल्या तरी थंड देशातल्या, उबदार ठेवलेल्या खोलीचं तापमान. नागपूरच्या मे महिन्याशी त्याचा काही संबंध नाही, आणि पुण्यातल्या जानेवारीच्या पहाटेशीही नाही. तरीही रेणूचा स्वभाव जणू याच तापमानाला ठरतो, अशा थाटात आम्ही ते आकडे शिकवतो. मी बरीच वर्षं जैवरसायन शिकवते आहे. या २५ अंशांचा माझ्या मनातला दबदबा मोडला तो साखर धरणाऱ्या एका प्रथिनामुळे. त्याच्याबद्दल कधीपासून सविस्तर लिहायचं होतं.

सिसिलीच्या उत्तरेला व्हल्कानो नावाचं एक छोटं ज्वालामुखी बेट आहे. तिथल्या किनाऱ्यालगत समुद्रतळाची वाळू आतल्या धगीने तापलेली असते. जर्मनीतल्या रेगेन्सबुर्ग विद्यापीठाचे कार्ल श्टेटर आणि त्यांचे सहकारी अशाच जागा धुंडाळत फिरायचे. या बेटावरच्या तापलेल्या गाळातून वेगळ्या केलेल्या एका जिवाणूचं वर्णन त्यांनी १९८६ मध्ये प्रसिद्ध केलं आणि त्याचं नाव ठेवलं थर्मोटोगा मॅरिटिमा. हा काडीसारखा लांबट जिवाणू ५५ ते ९० अंशांच्या दरम्यान वाढतो आणि ८० अंशांच्या आसपास सर्वांत जोमात असतो. त्याच्या अंगाभोवती एक सैलसर आवरण असतं, दोन्ही टोकांना फुगलेलं. रोमन लोकांच्या टोगा या वस्त्रावरून हे नाव आलं. आवरण आणि आतली पेशी यांच्या मधल्या जागेत जी प्रथिनं काम करतात, त्यांतलं एक माल्टोज पकडतं.

माल्टोज आपल्या ओळखीचं आहे. भाकरीचा घास बराच वेळ चावत राहिलो की तो गोड लागू लागतो, ती गोडी मुख्यतः माल्टोजची. मोड आणलेल्या नाचणीच्या सत्त्वातही ते असतं. ग्लुकोजचे दोन रेणू जोडले की माल्टोज बनतं. पिष्टमय पदार्थाचे तुकडे पडत गेले की वाटेत कुठेतरी ते तयार होतंच. व्हल्कानोच्या गरम वाळूत सजीवांचा जो काही मेलेला पाला-कचरा येऊन पडतो, त्यातली साखर पाण्यात विरघळून अतिशय पातळ झालेली असणार. शिवाय ती मिळवायला शेजारचे इतर सूक्ष्मजीवही टपलेले. तेव्हा जगायचं असेल तर साखर वेचता आली पाहिजे, रेणू रेणू करून.

हे वेचणारं प्रथिन दोन खंडांचं असतं. दोन्ही खंडांना जोडणारी एक बिजागरी, आणि मधे खाच. साखर खाचेत आली की दोन्ही खंड एकमेकांकडे झुकतात आणि ती आत बंद होते. मग हे मिटलेलं प्रथिन पेशीच्या पटलातल्या वाहकाला जाऊन टेकतं, वाहक एटीपी (पेशीचं ऊर्जेचं चलन) खर्च करतो, प्रथिन पुन्हा उघडतं आणि साखर आत सरकते. म्हणजे या प्रथिनाला दोन गोष्टी जमायला हव्यात. पकडायचं घट्ट, पण वेळ आली की सोडायचंही. नुसती घट्ट पकड असून भागत नाही.

वर्गात या टप्प्यावर मी नेहमी विचारते, तापमान वाढवलं तर या पकडीचं काय होईल? उत्तर ठरलेलं असतं: सैल होईल. बारावीपासून मुलांच्या डोक्यात हेच बसलेलं असतं, आणि ते उगीच नाही. उष्णता म्हणजे रेणूंची धावपळ, धावपळ वाढली की जोड्या तुटतात. दोन रेणू एकत्र येताना उष्णता बाहेर पडत असेल, तर बाहेरून उष्णता दिल्यावर तोल उलट बाजूला, सुटे होण्याकडे झुकतो. साखर आणि प्रथिन यांच्यातले हायड्रोजन बंध डोळ्यांसमोर आणले की हेच घडेल असं वाटतं. मग ८० अंशांत राहणाऱ्या जिवाणूने करायचं काय? २५ अंशांना अतिप्रचंड घट्ट पकडायचं, म्हणजे सैल होऊनही ८० अंशांना पुरेसं शिल्लक राहील?

थर्मोटोगाच्या प्रथिनाचा मार्ग वेगळा निघाला. २००० साली वासेनबेर्ग, लीब्ल आणि येनिके या तिघांनी त्याच्यावरचं काम प्रसिद्ध केलं. राइनर येनिके हेही रेगेन्सबुर्गचेच. प्रथिनं टोकाच्या परिस्थितीत कशी तगून राहतात, या प्रश्नाला त्यांनी आयुष्य वाहिलं होतं. हा निबंध मी वर्गात वाचून दाखवते, आणि सावकाश वाचते.

सुरुवात शुद्धीकरणापासून. या प्रथिनाचं जनुक ई. कोलाय या साध्या जिवाणूत घालून तिथे प्रथिन तयार करून घेतलं. मग त्या पेशी फोडून मिळालेला सगळा रस ७५ अंशांना तापवला. ही पायरी ज्यांनी स्वतः केली आहे त्यांना तिचं समाधान ठाऊक आहे. गढूळ पिवळसर द्रवाची नळी वॉटर बाथमध्ये धरायची. बघता बघता ई. कोलायची स्वतःची प्रथिनं उलगडतात, एकमेकांत गुंततात आणि दूध नासावं तशी पांढरी गुठळी धरतात. नळी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवली की सगळा साका तळाला बसतो आणि वरचं पाणी नितळ होतं. त्या नितळ पाण्यात आपलं प्रथिन असतं. त्याला काहीही झालेलं नसतं. इतर प्रथिनं वेगळी करताना कॉलममागून कॉलम चालवत दिवस जातात, इथे निम्मं काम गरम पाणीच करून टाकतं.

पुढचा प्रश्न, साखर धरली हे कळायचं कसं? प्रथिनात ट्रिप्टोफॅन नावाचं अमिनो आम्ल असतं. त्याच्यावर अतिनील प्रकाश टाकला की ते मंद चमकतं. ही चमक डोळ्यांना दिसत नाही, यंत्राला दिसते. आसपास काही हललं तर चमक बदलते. साखर आत येऊन खंड मिटले की या प्रथिनाची चमक उतरते. मग थोडी साखर घालायची, चमक मोजायची, पुन्हा थोडी साखर, पुन्हा मोजायची, चमक उतरायची थांबेपर्यंत. त्या वक्रावरून जो आकडा निघतो तो विघटन स्थिरांक, म्हणजे निम्मी प्रथिनं साखर धरून बसलेली असतील अशी साखरेची तीव्रता. आकडा जितका लहान, पकड तितकी घट्ट.

ऐकायला सोपं वाटतं. पण खोलीच्या तापमानाला अर्ध्या तासात होणारं हे मोजमाप तापमान चढवलं की अंगावर येतं. द्रावणात विरघळलेली हवा बाहेर पडू लागते, क्युव्हेटच्या, म्हणजे द्रावण ठेवायच्या पारदर्शक डबीच्या, भिंतीला बारीक बुडबुडे चिकटतात आणि आकडे नाचायला लागतात, म्हणून द्रावणातली हवा आधीच काढून टाकावी लागते. पाणी उडून जातं, की साखर न घालताच तीव्रता वाढली. झाकण घट्ट लावलं तर साखर घालायला पुन्हा उघडावं लागतं. आणि ट्रिप्टोफॅनची चमक नुसत्या उष्णतेनेही उतरते, त्यामुळे साखरेने उतरली किती आणि तापल्याने किती हे वेगळं करावं लागतं. लोक २५ अंशांना का चिकटून राहतात याचं खरं कारण हे आहे. ते तापमान रेणूच्या सोयीचं असो नसो, मोजणाऱ्याच्या सोयीचं आहे.

त्या तिघांनी वेगवेगळ्या तापमानांना मोजलं. निष्कर्ष असा, की माल्टोज धरताना हे प्रथिन उष्णता बाहेर टाकत नाही, शोषून घेतं. एन्थाल्पीतला, म्हणजे उष्णतेच्या जमाखर्चातला, बदल अधिक ४७ किलोज्यूल प्रति मोल. म्हणजे उष्णतेच्या हिशेबाने बघितलं तर हा सरळ तोट्याचा सौदा आहे. तो जमतो एन्ट्रॉपीमुळे, म्हणजे रेणूंचा मोकळेपणा वाढल्यामुळे: अधिक २५७ ज्यूल, प्रति मोल, प्रति केल्व्हिन. एन्ट्रॉपीचा वाटा तापमानाने गुणला जातो, आणि सगळी मेख त्या गुणाकारात आहे. २५ अंशांना, म्हणजे २९८ केल्व्हिनला, तो साधारण ७७ किलोज्यूल भरतो. ८० अंशांना सुमारे ९१. त्यातून ४७ चा खर्च वजा केला की २५ अंशांना ३० उरतात आणि ८० अंशांना ४४.

या १४ किलोज्यूलच्या फरकाने काय होतं ते फळ्यावर मांडलं की वर्गात कुजबुज सुरू होते. याच आकड्यांनी हिशेब केला तर २५ अंशांना विघटन स्थिरांक येतो सुमारे साडेसहा मायक्रोमोलर, आणि ८० अंशांना ०.३ च्या आसपास. त्या निबंधातही ८० अंशांसाठी ०.३ मायक्रोमोलरच दिलेलं आहे. म्हणजे तापवल्यावर पकड वीसपट घट्ट झाली. ०.३ मायक्रोमोलर म्हणजे लिटरभर पाण्यात एक दशांश मिलिग्रॅम माल्टोज. इतक्या पातळ पाण्यातही निम्मी प्रथिनं भरलेली राहतील.

मुलांचं पुढचं 'का' मला सगळ्यांत आवडतं, कारण उत्तर साखरेत नाही आणि प्रथिनातही नाही, ते पाण्यात शोधावं लागतं. साखरेचा रेणू पाण्यात कधी एकटा नसतो. त्याच्या प्रत्येक हायड्रॉक्सिल गटाला पाण्याचे रेणू लगडलेले असतात. प्रथिनाची उघडी खाचही पाण्याने भरलेली, आणि त्या अरुंद जागेतलं पाणी बाहेरच्या पाण्याइतकं मोकळं नसतं. साखर आत शिरायची तर दोघांनाही आपापलं पाणी सोडावं लागतं. ते जुने बंध तोडायला ऊर्जा लागते, नव्या बंधांतून ती पूर्ण भरून निघत नाही, म्हणून एकंदर उष्णता शोषली जाते. पण खंड मिटताना बाहेर पिळून काढलेले पाण्याचे रेणू आता मोकळे असतात, हवे तसे फिरतात. त्या मोकळेपणाची किंमत तापमानागणिक वाढत जाते. म्हणून जिथे पाणी आधीच उसळतं आहे, तिथे ही पकड सर्वांत मजबूत.

एक अडचण मात्र सांगायला हवी. ८० अंशांचा तो आकडा सरळ रेषा पुढे ओढून काढलेला आहे. पकड तापमानाबरोबर कशी बदलते हे दाखवणाऱ्या व्हान्ट हॉफच्या आलेखात बिंदू एका रेषेत बसले, ती रेषा जिवाणूच्या तापमानापर्यंत वाढवली. प्रथिनांच्या बाबतीत अशा रेषा फार लांबवर सरळ राहतीलच असं नाही, कारण एन्थाल्पी स्वतःच तापमानाबरोबर बदलू शकते. तरी मला हा आकडा विश्वासार्ह वाटतो, आणि त्याचं कारण दुसऱ्या एका प्रयोगशाळेतून येतं.

नेपल्सच्या उपसागरात, ल्युक्रीनोजवळ, उथळ पाण्याखाली गरम झरे आहेत. तिथून मिळालेला थर्मोकोकस लिटोरॅलिस हा सूक्ष्मजीव जिवाणूंतला नव्हे, आर्किया या वेगळ्या शाखेतला. ८५ अंशांच्या पुढेमागे तो सुखात असतो. जर्मनीत कॉन्स्टान्झचे विनफ्रीड बूस आणि पोर्तुगालच्या हेलेना सांतोस यांच्या गटांनी मिळून १९९६ मध्ये दाखवलं, की हा सूक्ष्मजीव माल्टोज आणि ट्रेहॅलोज या दोन्ही साखरा एकाच यंत्रणेने आत ओढतो. आणि त्यांनी मोजलं ते थेट ८५ अंशांना. जिवंत पेशी गरम ठेवून, आत गेलेली साखर मोजून. आत घेण्याचा वेग कमाल वेगाच्या निम्मा होतो ती तीव्रता माल्टोजसाठी २२ नॅनोमोलर आणि ट्रेहॅलोजसाठी १७ निघाली, मायक्रोमोलरच्या काही शतांशांत. दोनच वर्षांनी त्यातलं साखर धरणारं प्रथिन वेगळं काढून मोजलं, तेव्हा ८५ अंशांना त्याचा विघटन स्थिरांक ०.१६ मायक्रोमोलर भरला.

आता तिघं शेजारी ठेवा. आपल्या आतड्यातल्या ई. कोलायचं माल्टोज-प्रथिन साधारण १ मायक्रोमोलर. थर्मोटोगाचं ८० अंशांना ०.३. थर्मोकोकसचं ८५ अंशांना ०.१६. ई. कोलायच्या आणि बाकी दोघांच्या तापमानांत जमीन-अस्मानाचा फरक, पण ज्याच्या त्याच्या घरी मोजलं की तिघंही एकाच पट्ट्यात येतात. येनिके याला समरूप अवस्था म्हणत: प्रत्येक प्रथिन आपापल्या तापमानाला सारखंच लवचिक, सारखंच कामसू असतं. थर्मोटोगाच्या प्रथिनाला २५ अंशांना मोजून 'याची पकड कमकुवत आहे' असं कुणी लिहिलं, तर आकडा बरोबर असेल आणि वाक्य चुकीचं. मला या कल्पनेचं इतकं का वाटतं, असं एका विद्यार्थिनीने विचारलं होतं. कारण इतकंच, की या कल्पनेमुळे 'सामान्य तापमान' हे शब्द मी वर्गात उच्चारेनासी झाले आहे. कुणाचं सामान्य, हे सांगितल्याशिवाय त्याला अर्थ नाही.

उष्णतेचे सगळे गुण गाऊन झाले म्हणून ती फुकट मिळते असं मात्र नाही. येनिके यांच्या त्याच निबंधात आणखी एक निरीक्षण आहे. हे प्रथिन १०५ अंशांच्याही पुढे जाईपर्यंत वितळत नाही, म्हणजे त्याची घडी उलगडत नाही. खोलीच्या तापमानाला त्याला उलगडायला मोलमागे १०० किलोज्यूल लागतात, ई. कोलायच्या प्रथिनापेक्षा सुमारे ६० जास्त. पण त्याची स्थिरता कमाल असते ती ४० अंशांच्या आसपास, ८० अंशांना नव्हे. आणि उलगडलेलं प्रथिन ८० अंशांना पुन्हा घडी घालायला सोडलं, तर पाचातलं एक चुकीचं मुडपतं आणि माल्टोज धरू शकत नाही. जिथे त्याची पकड सर्वोत्तम, तिथेच त्याच्या घडणीला धोकाही आहे. जिवाणू तो धोका पत्करून जगतो.

ही स्थिरता येते कुठून, याचं एका वाक्यात उत्तर मागणाऱ्यांची निराशा होते. चीनच्या युन्नान प्रांतातल्या तेंगचोंग इथल्या गरम झऱ्यातून आलेल्या एका जिवाणूचं रायबोज धरणारं प्रथिन १०२ अंशांच्या आसपास वितळतं. ई. कोलायमधला त्याचा भाऊबंद ५६ ला. दोघांच्या स्फटिकरचना एकमेकींवर ठेवल्या तर कण्याची वळणं जवळपास तंतोतंत जुळतात. ४६ अंशांचा फरक, आणि आकार तोच. फरक सगळा बाजूच्या साखळ्यांच्या बारीकसारीक बदलांत विखुरलेला आहे.

थर्मोटोगाचं ग्लुकोज धरणारं प्रथिन मला आणखी वेगळ्या कारणाने जवळचं वाटतं. २००७ मध्ये अमेरिकेत होमे हेलिंगा यांच्या गटाने त्याची रचना आणि गुणधर्म प्रसिद्ध केले. साखर नसताना ते ११९ अंशांना उलगडतं. एक मिलिमोलर ग्लुकोज असताना १४४ ला. साध्या दाबाखाली पाणी १०० लाच उकळतं, त्यामुळे असे आकडे सहसा प्रथिन उलगडणारं रसायन वेगवेगळ्या प्रमाणात घालून आणि मग हिशेबाने त्याचं प्रमाण शून्यावर आणून काढतात. पण २५ अंशांची ती झेप बघा. प्रथिन साखरेला धरतं तेवढीच साखरही प्रथिनाला धरून ठेवते. मिटलेली बिजागरी उघडी असण्यापेक्षा जास्त टिकाऊ, आणि भरपूर ग्लुकोज म्हणजे भरपूर मिटलेली प्रथिनं.

याच गटाने त्या प्रथिनात एका जागी बदल करून तिथे चमकणारा रंग जोडला. ग्लुकोज आत आलं की रंगाची चमक बदलते, आणि ती १ ते ३० मिलिमोलरच्या पट्ट्यात, म्हणजे आपल्या रिपोर्टांच्या भाषेत साधारण १८ ते ५४० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर. रक्तातली साखर याच्याच आत खेळते. प्रथिन पृष्ठभागावर बसवून खोलीच्या तापमानाला बराच काळ ठेवलं तरी त्याचा प्रतिसाद टिकून राहिला.

हे वाचलं तेव्हा मला आईच्या कपाटातली डबी आठवली. ग्लुकोमीटरच्या पट्ट्यांची. त्या पट्ट्यांवर एक एन्झाइम असतं, आणि डबीवर छापलेलं असतं की ३० अंशांखाली ठेवा. एप्रिल-मेमध्ये आमच्या घराची कुठलीच खोली ३० अंशांखाली नसते. फ्रिजमध्ये ठेवायची भीती दमटपणाची. आई ती डबी दिवसभर माठामागच्या कोपऱ्यात ठेवायची आणि झाकण घट्ट लागलं की नाही हे दोनदा तपासायची. उन्हाळा ४४ अंशांवर जाणाऱ्या गावात मधुमेही माणसाची साखर मोजणारं प्रथिन कुठून आणावं, या प्रश्नाचं एक उत्तर व्हल्कानोच्या वाळूत आहे, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. त्याच्या दृष्टीने आमचा मे महिना म्हणजे थंडीच. इथे मला आवडणारी आणखी एक गोष्ट: पट्टीवरचं एन्झाइम ग्लुकोजची रासायनिक क्रिया घडवून ते संपवतं, हे प्रथिन नुसतं धरतं आणि सोडतं. त्यामुळे सतत मोजत राहता येतं.

आणि तरीही इथे तापमान पुन्हा आडवं येतं. पकड तापमानाबरोबर बदलते, तर शरीराबाहेर ३० ला आणि त्वचेखाली ३७ ला तेच प्रथिन तीच साखर वेगळी दाखवणार. असं उपकरण करणाऱ्याला प्रत्येक तापमानाचा हिशेब आधीच मांडून ठेवावा लागेल. व्हान्ट हॉफची ती रेषा परीक्षेपुरती नाही, हे मुलांना पटवायला मला यापेक्षा चांगलं उदाहरण सापडलेलं नाही.

समरूप अवस्थेच्या कल्पनेची खरी परीक्षा पाहणारा एक प्रसंग निसर्गानेच घडवून ठेवला आहे. पायरोकोकस फ्युरिओसस हा आर्किया श्टेटर यांनीच व्हल्कानोहून आणला, त्याचं वर्णनही थर्मोटोगाच्याच वर्षी आलं. तो १०० अंशांना सर्वांत वेगाने वाढतो. २००० मध्ये असं दिसलं, की त्याच्या जीनोममधला सुमारे १६ हजार अक्षरांचा एक पट्टा थर्मोकोकस लिटोरॅलिसच्या पट्ट्याशी जवळजवळ हुबेहूब जुळतो. माल्टोज आणि ट्रेहॅलोज आत घेणारी सगळी यंत्रणा या पट्ट्यात आहे, साखर धरणाऱ्या प्रथिनासकट. दोघांचा बाकीचा वारसा इतका जुळत नाही. म्हणजे ही यंत्रणा अलीकडच्याच काळात एका सूक्ष्मजीवातून दुसऱ्यात गेली. जवळपास तेच प्रथिन आता दोन घरी कामाला आहे, एक ८५ अंशांचं आणि दुसरं १०० अंशांचं. पायरोकोकसकडे लांब माल्टोडेक्स्ट्रिनसाठी, म्हणजे ग्लुकोजच्या लांब साखळ्यांसाठी, स्वतःचं वेगळं प्रथिन आहे, ते माल्टोजला विचारतही नाही. माल्टोजसाठी त्याची भिस्त या आलेल्या प्रथिनावर.

यंदा मुलांना मी थर्मोटोगाचे ४७ आणि २५७ हे दोन आकडे देऊन रेषा १०० अंशांपर्यंत न्यायला सांगणार आहे. उत्तर ०.१४ मायक्रोमोलरच्या आसपास येतं, पकड अजून घट्ट. मग विचारणार आहे, की पाहुणं आलेलं प्रथिनही याच रेषेवर चालत असेल, तर नव्या घरी ते साखर घट्ट धरेल खरं, पण वाहकाशी पोचल्यावर वेळेवर सोडेल का?